ओवाळणी पुरे, उमेदवारी काढा!

महाराष्ट्र राज्य 1 मे 1960 रोजी जन्माला आले. त्या दिवसापासून आजतागायत या राज्याच्या मुख्यमंत्रिपदाच्या खुर्चीत एकही बाई बसलेली नाही. विधानसभेच्या अध्यक्षांच्या आसनावरही नाही. जिजाऊंचे नाव घेतल्याशिवाय ज्यांच्या भाषणाला तोंड फुटत नाही आणि सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घातल्याशिवाय ज्यांची 3 जानेवारी पार पडत नाही, त्या सर्वपक्षीय पुढाऱ्यांनी मिळून हा पराक्रम केला आहे. त्याची लाज कुणाला वाटल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही.

बायका नव्हत्या म्हणावे, तर तेही खोटे! गोव्यात 1973 साली भाऊसाहेब बांदोडकर गेले आणि शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. 1979 पर्यंत त्यांनी कारभार हाकला. चिपळूणची माहेरवाशीण सुमित्राताई महाजन इंदूरहून आठ वेळा लोकसभेत गेल्या आणि 2014 ते 2019 त्या सभागृहाच्या अध्यक्षा होत्या. जळगावच्या प्रतिभाताई पाटील 1962 मध्ये आमदार झाल्या, 1979-80 मध्ये याच विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या आणि 2007 मध्ये थेट राष्ट्रपती भवनात पोहोचल्या. म्हणजे मराठी बाईने देशाचे सर्वोच्च पद भूषवावे, लोकसभेला शिस्त लावावी, शेजारच्या गोव्यावर राज्य करावे; आमची काही हरकत नाही. मलबार हिलवरच्या मुख्यमंत्र्यांच्या ‘वर्षा’ बंगल्याची पायरी मात्र तिने फक्त हळदीकुंकवाला चढावी!

आता 2024 ची विधानसभा निवडणूक बघा. 288 जागांसाठी 4,136 उमेदवार उभे होते. त्यांत बायका किती? 363. निवडून किती आल्या? 21. त्याआधी 2019 मध्ये 24 होत्या. पाच वर्षांत राज्य पुढे गेले आणि बायका तीनने मागे आल्या. आणि हे घडले कोणत्या वर्षी? ज्या वर्षी ‘लाडकी बहीण’ योजनेखाली दोन कोटींहून अधिक बायकांच्या खात्यात दरमहा दीड हजार रुपये जमा होऊ लागले, त्याच वर्षी! फलकावर बहीण, जाहिरातीत बहीण, विजयाच्या भाषणात गहिवरून आठवलेली बहीण. आणि उमेदवारांच्या यादीत भाऊ, भाचा, मेहुणा, जावई. विरोधकांनी तरी वेगळे काय केले? त्यांनी दीडचे तीन हजार करण्याचे वचन दिले. उमेदवारीच्या बाबतीत त्यांचाही हात तितकाच आखडता होता. महाविकास आघाडीच्या वाट्याला आलेल्या आमदारांत बाई फक्त एक.

त्या दीड हजाराला आम्ही नाक मुरडत नाही. स्वतःच्या खात्यातून स्वतःच्या अंगठ्याने पैसे काढणे म्हणजे काय, हे मंत्रालयातल्या साहेबाला नाही कळायचे, ते वीटभट्टीवरच्या बाईला विचारावे. आमचा राग आहे तो ओवाळणी टाकून वाटणी बुडवणाऱ्या भावावर. महाराष्ट्रातल्या घराघरांत हा भाऊ सापडतो. साडीचोळी देऊन हक्कसोडपत्रावर सही घेणारा तोच! राजकीय पक्षांनी हीच रीत आता राज्याच्या पातळीवर नेली आहे.

ऑगस्ट 2022 मध्ये या राज्यात अठरा मंत्र्यांचा शपथविधी झाला. अठराच्या अठरा पुरुष. महिला व बालविकास खातेसुद्धा मंगलप्रभात लोढा यांच्याकडे! जुलै 2023 मध्ये अदिती तटकरे आल्या तेव्हा कुठे त्या मंत्रिमंडळाला पहिली स्त्री दिसली. डिसेंबर 2024 मध्ये नवे मंत्रिमंडळ झाले. 42 जणांत चार बायका. यालाच हल्ली ‘योग्य प्रतिनिधित्व’ म्हणण्याची पद्धत आहे.

दिल्लीकडे बोट दाखवायची सोय आहेच. सप्टेंबर 2023 मध्ये संसदेने 106 वी घटनादुरुस्ती मंजूर केली. लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा स्त्रियांना! लोकसभेत बाजूने 454, विरोधात 2. पेढे वाटले गेले, महिला खासदारांसोबत छायाचित्रे निघाली. हेच विधेयक पहिल्यांदा 1996 मध्ये देवेगौडांच्या काळात आले होते. गीता मुखर्जींच्या समितीने ते तपासले, पुढे सभागृहात त्याच्या प्रती फाडल्या गेल्या, 2010 मध्ये राज्यसभेने ते मंजूर केले आणि लोकसभेने कुजवले. सत्तावीस वर्षांनी मंजुरी मिळाली ती कोणत्या अटीवर? आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना, आणि त्यानंतर आरक्षण. ओबीसी स्त्रियांच्या स्वतंत्र वाट्याचा प्रश्न तर कायद्याने अंगालाच लावून घेतला नाही. परिणाम समोर आहे. कायदा झाल्यानंतरच्या पहिल्याच लोकसभेत 543 पैकी 74 स्त्रिया निवडून आल्या. 2019 मध्ये 78 होत्या. महाराष्ट्राने 48 पैकी सात पाठवल्या.

पण आम्ही विचारतो, उमेदवारी द्यायला कायदा लागतो कुणाला? ओडिशात 2019 मध्ये नवीन पटनायकांच्या बिजू जनता दलाने लोकसभेच्या 21 पैकी सात जागा स्त्रियांना दिल्या. कायदा नव्हता, जनगणना नव्हती, पुनर्रचना नव्हती. सातांपैकी पाच निवडून आल्या. पक्षाध्यक्षाच्या मनात आले आणि त्याने उमेदवारीचे एबी फॉर्म दिले, एवढीच ती क्रांती!

इथे आमचे पुढारी घसा खाकरतात आणि म्हणतात, “निवडून येण्याची क्षमता पाहावी लागते.” ही क्षमता कुठे तयार होते, ते एकदा उघड बोलूच. या राज्यात आमदारकीचा रस्ता साखर कारखान्यावरून, जिल्हा बँकेवरून, दूध संघावरून आणि बाजार समितीवरून जातो. कारखान्याचा ऊस उत्पादक सभासद व्हायचे तर नावावर जमीन हवी. सातबारा कुणाच्या नावावर? खुरपणी, लावणी, पाणी धरणे, जनावरांचे शेण काढणे हे बाईचे. सातबारा बापाचा, नवऱ्याचा, मुलाचा. जमीन नाही म्हणून सभासदत्व नाही. सभासद नाही म्हणून संचालक नाही. सहकार कायद्याने संचालक मंडळात स्त्रियांसाठी दोन जागा राखल्या आहेत. त्या दोन खुर्च्यांवर सहसा कुणाच्या घरातल्या बायका बसतात, हे तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. संचालक नाही म्हणून कर्ज मंजूर करण्याचा, नोकरी लावण्याचा, उसाची तोड आधी देण्याचा अधिकार नाही. आणि हे अधिकार नाहीत म्हणून मागे माणसे नाहीत. मग तिकीटवाटपाच्या दिवशी तिला विचारायचे, “ताई, तुमच्यामागे माणसे किती?” पाय आधी बांधायचे आणि मग शर्यतीत मागे पडली म्हणून हसायचे, असा हा न्याय आहे.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेला ही मेख कळली होती. 1986 च्या नोव्हेंबरात चांदवडला लाखोंच्या संख्येने शेतकरी बायका जमल्या आणि त्यांनी सत्तेतला वाटा मागितला. पुढे 1989 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावाने अख्खी ग्रामपंचायत बायकांची निवडून दिली. त्यानंतर ‘लक्ष्मीमुक्ती’ निघाली. जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करा, अशी ती हाक होती आणि गावेच्या गावे तिला सामोरी गेली. जमीन आणि सत्ता यांचे नाते सांगणारी एवढी सरळ चळवळ या मातीत झाली असताना आजचे पक्ष महिला मेळाव्यात पैठणीची सोडत काढतात!

आणि क्षमतेचेच म्हणाल तर मृणालताई गोरे आठवा. गोरेगावच्या ग्रामपंचायतीपासून सुरुवात, 1961 मध्ये मुंबई महापालिका, 1972 मध्ये विधानसभा, 1977 मध्ये लोकसभा. ना कारखाना, ना बँक, ना सासऱ्याची गादी. नळाला पाणी आणि रॉकेलचा डबा, या दोन गोष्टींवर त्यांनी सरकारला घाम फोडला. त्याच 1977 मध्ये अहिल्याताई रांगणेकरही मुंबईतूनच लोकसभेत गेल्या. सामान्य बाई रस्त्यावरून उठून सभागृहात जाऊ शकते, याचा पुरावा मुंबईने तेव्हाच दिला होता. पुढच्या पिढीत ही वाट कुणी बुजवली, त्याचे उत्तर पक्षांच्या महिला आघाड्यांत शोधावे. मोर्चात पुढे, सभेला गर्दीला पुढे, पोलिसांच्या लाठीला पुढे, आणि उमेदवार ठरवणाऱ्या बैठकीच्या दिवशी बाहेरच्या व्हरांड्यात.

आता गावाकडे चला. 1993 पासून पंचायतीत एक तृतीयांश आणि 2011 पासून निम्म्या जागा या राज्याने स्त्रियांना दिल्या. तीन दशके हजारो बायकांनी ग्रामसभा चालवल्या, पाणीयोजना ओढून आणल्या, दारूची दुकाने बंद पाडली. यावर शहरी दिवाणखान्यातून एकच टोमणा येतो, “कारभार तर नवराच करतो!” करत असेल. पण सरपंचबाई समोर बसलेली असताना कागद नवऱ्यापुढे सरकवणारा ग्रामसेवक कोण? पंचायत समितीच्या बैठकीत नवऱ्याला खुर्ची देऊन चहा पाजणारा गटविकास अधिकारी कोण? त्यांतल्या दोघा-चौघांना निलंबित करा, पुढच्या महिन्यात सगळे नवरे बाहेर कट्ट्यावर बसलेले दिसतील. आणि काकांच्या फोनवर उठणारे नि ठेकेदाराच्या इशाऱ्यावर बसणारे पुरुष आमदार काय कमी आहेत? त्यांना तर कुणी ‘काकाआमदार’ म्हणत नाही.

जी बाई खरोखर स्वतः कारभार करू लागते, तिचे काय होते तेही ऐका. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंचबाईला सरकारी जागेवरच्या सासूच्या घरात राहते, असा ठपका ठेवून अपात्र ठरवण्यात आले. ती सांगत होती की आपण वेगळ्या, भाड्याच्या घरात राहतो. जिल्हाधिकाऱ्यांपासून उच्च न्यायालयापर्यंत तिचे कुणी ऐकले नाही. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला पद परत दिले आणि बाईच्या हाताखाली काम करणे गावकऱ्यांना पचले नाही, हे स्पष्ट शब्दांत नोंदवले. एका गावाची सरपंच टिकायला थेट दिल्लीचे न्यायालय लागले! किती जणींना तिथवर जाणे परवडेल?

यावर कडी पुढेच आहे. 2022 पासून मुंबईसह महापालिका, जिल्हा परिषदा, पंचायत समित्या एकामागून एक प्रशासकांच्या ताब्यात गेल्या. कारणे ओबीसी आरक्षणाच्या खटल्याची आणि प्रभागरचनेच्या घोळाची. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दटावले तेव्हा निवडणुकांची हालचाल सुरू झाली. ज्या सभागृहांत निम्म्या खुर्च्या हक्काने बायकांच्या आहेत, नेमकी तीच वर्षानुवर्षे कुलूपबंद राहिली; आणि जिथे दहांत एकही बाई नाही, ती विधानसभा दिमाखात भरत राहिली. यात डाव होता असे आम्ही म्हणत नाही. पण हजारो बायकांच्या खुर्च्या गेल्याची हळहळ एकाही बड्या नेत्याच्या तोंडून निघाली असती, तर आम्ही हा परिच्छेद लिहिलाच नसता.

घराणेशाहीचे काय, असे कुणी म्हणेल. खरेच, निवडून आलेल्या बायकांत नेत्यांच्या लेकी, सुना, पत्नी पुष्कळ आहेत. ज्या पक्षात शिरायला दिवाणखान्याशिवाय दुसरे दारच ठेवलेले नाही, तिथे दिवाणखान्यातल्याच बायका पुढे येणार. मुलगे नाही का तसेच येत? दुसरे दार उघडा, मग बोला.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. विधानसभेची पुढची निवडणूक 2029 मध्ये. 288 चा तिसरा हिस्सा 96. प्रत्येक पक्षाने जितक्या जागा लढवायच्या, त्यांतला तिसरा हिस्सा स्त्रियांना द्यावा. आणि जिथे अनामतही वाचणार नाही असे मतदारसंघ तिच्या पदरात टाकू नयेत. साखर कारखान्यांच्या आणि जिल्हा बँकांच्या संचालक मंडळांत दोनाच्या जागी तिसरा हिस्सा करायला दिल्लीची परवानगी लागत नसते. तो कायदा याच विधिमंडळाच्या हातात आहे, येत्या अधिवेशनात आणा. आणि महिला आघाड्यांतल्या ताई-माईंनो, ज्या पक्षाच्या यादीत हा हिस्सा दिसत नाही, त्याच्या सभेला गाड्या भरून माणसे नेऊ नका. मैदान निम्मे रिकामे दिसले की नेत्यांना गणित फार लवकर समजते.

“लायक बायका मिळत नाहीत,” हे वाक्य मात्र आता कुणी उच्चारू नये. गेल्या तीस वर्षांतल्या जिल्हा परिषदांच्या अध्यक्षा, पंचायत समित्यांच्या सभापती, महापौर, नगराध्यक्षा या सगळ्यांची नावे सरकारी दप्तरात पत्त्यासकट आहेत. पक्षाध्यक्षांनी कारकून पाठवून ती मागवून घ्यावीत.