मागून आणलेला बोल्ट

मंडळी, वाफसा झाला आहे, आभाळ भरून येते आहे, आणि अशा वेळी शेजारी तुमची पाभर मागायला दारात उभा राहिला तर? "आमची पेरणी उरकू द्या, मग बघू," असेच म्हणाल ना? मीही तेच म्हणेन. पण 1964 साली ऑस्ट्रियात इन्सब्रुकजवळ इग्ल्स येथे एका गड्याने निराळेच केले.

तिथे हिवाळी ऑलिंपिक चालू होते. त्यात बॉबस्ले म्हणून एक खेळ असतो. बर्फाच्या नाळेतून घसरत जाणारी गाडी. तिला चाके नाहीत, इंजिन नाही. दोघांनी ढकलत पळायचे आणि वेग आला की आत उडी टाकायची. पुढचा वळवतो, मागचा शेवटी ब्रेक लावतो. त्या साली, आपल्याकडे पाऊस दडी मारतो तशी तिथे बर्फाने मारली. शेवटी फौजेच्या जवानांनी डोंगरावरून बर्फ वाहून आणला.

ब्रिटनची जोडी होती टोनी नॅश आणि रॉबिन डिक्सन यांची. नॅश चष्मेवाला, डिक्सन फौजेतला अधिकारी. त्यांच्या देशात अशी बर्फाची एकही वाट नाही. शिकायचे ते परमुलखात जाऊन! तरी पहिली फेरी झकास झाली. आणि पाहतात तो मागच्या आसाचा बोल्ट तुटलेला. दुसरा जवळ नाही. चार फेऱ्यांच्या वेळांची बेरीज धरतात; एक हुकली की खेळ खलास.

इटलीचा युजेनिओ मोंती त्यांचा कडवा प्रतिस्पर्धी. अनेकदा जगज्जेता झालेला, वय 36, पण ऑलिंपिकचे सुवर्णपदक काही हाती लागले नव्हते. त्यानेच आपल्या गाडीचा बोल्ट काढून दिला.

नॅश-डिक्सन जिंकले. दुसऱ्या इटालियन जोडीपेक्षा फक्त 0.12 सेकंदाने! मोंती तिसरा. मायदेशी त्याच्यावर टीका झाली, तेव्हा त्याने सांगितले, की नॅश माझ्या बोल्टमुळे नव्हे, वेगाने आला म्हणून जिंकला.

पुढच्याच साली, 1965 मध्ये, सेंट मॉरित्झला नॅश-डिक्सन जगज्जेते झाले. तिथल्या एका वळणाला आजही दोघांचे नाव आहे. मोंतीला खिलाडूपणाबद्दल कुबेर्तां पदक देण्यात आले. आणि 1968 साली, चाळिशी गाठल्यावर, त्याने ऑलिंपिकची सुवर्णपदके मिळवली. एक नव्हे, दोन. त्या खेपेस नॅश-डिक्सन पाचवे आले.