रेडॉनची चाचणी व उपाययोजना : आयोवातील ग्रामीण घरमालकांना जाहीर आवाहन

रेडॉन हा रंग, वास आणि चव नसलेला किरणोत्सारी वायू आहे. मातीतील युरेनियमचे विघटन होताना रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन तयार होतो. उघड्यावर तो हवेत विरून जातो. घरात मात्र तळघराच्या कोब्यातील भेगा, भिंतीचा सांधा, पाइपांभोवतीच्या फटी आणि पाणी उपसण्याचा खड्डा यांतून शिरून साचतो. त्यापासून निर्माण होणारे पोलोनियमचे अणू श्वासावाटे फुप्फुसात जाऊन चिकटतात आणि त्यांच्या अल्फा किरणांनी पेशींना इजा होते. अमेरिकेत रेडॉनमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाने दरवर्षी सुमारे २१,००० मृत्यू होतात, असा तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज आहे. धूम्रपान करणाऱ्यांना हा धोका कित्येक पटींनी अधिक असतो.

आयोवाच्या सर्व ९९ काउंट्या या संस्थेने सर्वाधिक धोक्याच्या पहिल्या विभागात घातल्या आहेत. हिमनद्यांनी आणून पसरवलेली माती हे त्याचे मुख्य कारण. हवेतील रेडॉन प्रति लिटर ४ पिकोक्युरी किंवा त्याहून अधिक असेल, तर उपाय करावा, असा संस्थेचा निकष आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सुचवलेली पातळी त्याहून कमी, म्हणजे सुमारे २.७ पिकोक्युरी आहे. शेजारच्या घरातील आकड्यावरून आपल्या घराचा अंदाज बांधता येत नाही. घर नवे असो वा जुने, तळघर असो वा नसो, चाचणी प्रत्येक घराची करावी.

काउंटीच्या आरोग्य कार्यालयातून चाचणीचा संच अल्प दरात मिळतो. घरातील राबत्या भागापैकी सर्वांत खालच्या मजल्यावर तो ठेवावा. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर टाळावे. अल्प मुदतीच्या चाचणीआधी १२ तास आणि चाचणी चालू असेपर्यंत दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात. नेहमीच्या ये-जा करण्याला हरकत नाही. मुदत संपताच संच बंद करून लगेच प्रयोगशाळेकडे पाठवावा. हिवाळ्यात घर बंद असते आणि आतील उबदार हवा वर जाताना जमिनीतील हवा आत ओढली जाते. म्हणून हा काळ चाचणीला योग्य. आकडा ४ किंवा अधिक आल्यास दुसरी चाचणी करून खात्री करावी. ९० दिवसांहून जास्त चालणाऱ्या चाचणीतून वर्षभराच्या सरासरीची अधिक चांगली कल्पना येते.

उपाय अवघड नाही. कोब्याला भोक पाडून त्याखालपर्यंत पाइप बसवतात आणि पंख्याने तिथली हवा ओढून छपराच्या वर सोडतात. त्यामुळे वायू घरात येण्याआधीच बाहेर जातो. पंखा राहत्या जागेत बसवू नये. भेगा बुजवल्याने या यंत्रणेला मदत होते, पण नुसत्या भेगा बुजवणे पुरेसे नसते. तळघराऐवजी फरशीखाली उघड्या मातीची पोकळी असलेल्या घरात जमिनीवर जाड प्लॅस्टिक अंथरून त्याखालची हवा ओढतात. काम प्रमाणित तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. खासगी विहिरीच्या पाण्यातूनही रेडॉन घरात येऊ शकतो. हवेतील पातळी जास्त असल्यास पाणीही तपासून घ्यावे.

यंत्रणा बसवल्यावर महिन्याभरात फेरचाचणी करावी. पाइपवरील दाबमापक अधूनमधून पाहावा, पंखा कधीही बंद करू नये. दर दोन वर्षांनी, तसेच तळघर राहण्याजोगे केल्यावर पुन्हा चाचणी करावी. घर भाड्याने दिले असल्यास चाचणीचा निकाल भाडेकरूलाही कळवावा.