विश्लेषण : गॅस गिझर बाथरूममध्ये का नको? माळशेज परिसरातल्या होम-स्टेंनी काय तपासावं?

कल्याण-अहिल्यानगर महामार्गावर माळशेज घाट चढून वर आलं की पिंपळगाव जोगा धरणाचा परिसर आणि जुन्नर तालुक्यातलं मढ लागतं. पावसाळ्यात धबधबे, हिवाळ्यात हरिश्चंद्रगडाचा ट्रेक, यामुळे या पट्ट्यात पाहुण्यांची वर्दळ असते. जुन्नरला २०१८ मध्ये राज्य सरकारने पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. घरगुती मुक्काम, शेतावरचं पर्यटन, छोटी रिसॉर्ट अशा व्यवसायांना त्यातून बळ मिळतं.

थंडीत मुक्कामाला आलेल्या पाहुण्याची पहिली मागणी असते गरम पाण्याची. वीज बेभरवशाची, सोलरला ढगांची अडचण, म्हणून स्वस्त आणि झटपट उपाय ठरतो गॅस गिझर. प्रश्न गिझर वापरावा की नाही हा नाही. तो कुठे बसवला आहे आणि त्याचा धूर कुठे जातो, हा आहे.

याआधी काय घडलं आहे?

जानेवारी २०२० मध्ये मुंबईतल्या बोरिवलीत १५ वर्षांची मुलगी अंघोळीला गेली असताना बेशुद्ध पडली आणि काही दिवसांनी तिचा मृत्यू झाला. बाथरूममधल्या गॅस गिझरचा वायू हे त्यामागचं कारण सांगितलं गेलं. मार्च २०२३ मध्ये होळीच्या सणात घाटकोपरमध्ये एक दांपत्य बाथरूममध्ये मृतावस्थेत आढळलं. तिथेही प्राथमिक संशय गॅस गिझरवरच होता.

पर्यटन व्यवसायाने लक्षात ठेवावी अशी घटना मात्र नेपाळमधली आहे. जानेवारी २०२० मध्येच दामन इथल्या रिसॉर्टमध्ये केरळचे आठ पर्यटक दगावले. त्यात चार मुलं होती. थंडीमुळे खोली बंद होती आणि आत गॅसचा हीटर सुरू होता. तो पाणी तापवणारा गिझर नव्हता, पण कारण तेच : बंद जागा, जळणारा गॅस आणि बाहेर जायला वाट नसलेला वायू.

नेमकं काय होतं?

अनेकांना वाटतं की गिझरमधून गॅस 'लीक' होतो आणि माणूस गुदमरतो. सिलिंडरमधला गॅस गळला तर त्याचा उग्र वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. जीव घेणारा वायू वेगळा असतो. ज्वाळेला पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं जड होणं, मळमळ, पायांतली ताकद जाणं ही लक्षणं येतात, पण कडी काढून बाहेर पडण्याइतकं त्राण उरत नाही.

ऑक्सिजन किती लवकर संपतो, याचा ढोबळ हिशेब करता येतो. मिनिटाला सहा लिटर पाणी साधारण २५ अंशांनी तापवणारा गिझर तासाला सुमारे १ किलो गॅस जाळतो. १ किलो गॅस नीट जळायला १२ ते १३ घनमीटर हवा लागते. पाच बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये मुळात हवाच असते जेमतेम ७ घनमीटर. म्हणजे दार-खिडकी घट्ट बंद असेल तर दहा मिनिटांत गिझर दोन घनमीटर हवेतला ऑक्सिजन खातो. त्याच्या बऱ्याच आधी ज्वाळा बिघडते आणि विषारी वायू सुरू होतो.

बाजारातल्या अनेक गिझरना वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते. वरचा हिशेब पाहिला तर बंद बाथरूममध्ये तेवढ्यावर विसंबता येत नाही. लागोपाठ दोन-तीन पाहुण्यांनी अंघोळ केली, तर आधीच्याने सोडलेली हवा पुढच्याच्या वाट्याला येते.

एक्झॉस्ट फॅन आहे, मग भीती कशाला?

हा सर्वांत धोकादायक गैरसमज. गिझरचा धूर गरम असल्यामुळे स्वतःच नळीतून वर चढतो. ही ओढ फार नाजूक असते. त्याच बंद खोलीत फॅन लावला की तो आतली हवा खेचतो आणि बाहेरची हवा मिळेल त्या भोकातून आत येऊ लागते. अनेकदा ते भोक म्हणजे गिझरची धुराची नळीच असते. फॅन सुरू केल्यामुळे धूर उलट आत येतो.

माळशेजच्या पट्ट्यात वाऱ्याची भर पडते. घाटमाथ्यावरचा जोराचा वारा नळीच्या तोंडावर आदळला की धूर मागे लोटला जातो. पावसाचं पाणी, गंज आणि पाखरांची घरटी यांनी नळी तुंबते, ते वेगळंच. पावसाळाभर न वापरलेला गिझर हिवाळ्याच्या पहिल्या गर्दीला तसाच सुरू करणं म्हणूनच जोखमीचं आहे.

मग बसवायचा कसा?

पूर्वी पाण्याचा बंब अंगणात किंवा परसात पेटायचा आणि बादली न्हाणीत यायची. सूत्र आजही तेच आहे : आग बाहेर, पाणी आत.

• जागा : गिझर बाथरूममध्ये किंवा झोपायच्या खोलीत नको. बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर, पावसापासून आडोसा असलेल्या जागी बसवून गरम पाण्याची पाइप आत न्यावी. खोल्या जास्त असतील तर सगळे गिझर एका उघड्या शेडमध्ये ठेवणं सोयीचं.

• धुराची नळी : गिझर छताखाली असेल तर नळी थेट इमारतीबाहेर काढावी. माळा, डक्ट किंवा बंद पॅसेजमध्ये सोडू नये. वळणं कमीत कमी, साध्या नळीचा चढ कायम वरच्या दिशेला, तोंडावर टोपी आणि जवळ खिडकी किंवा झरोका नको. पंख्याने धूर ढकलणाऱ्या गिझरची रचना वेगळी असते. तिथे कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच जावं.

• गॅसचा दाब : हॉटेलच्या भटारखान्यात १९ किलोचा सिलिंडर आणि जास्त दाबाचा रेग्युलेटर असतो. घरगुती गिझर कमी दाबासाठी बनवलेला असतो. भट्टीच्याच लाइनवर तो जोडला तर गॅस जास्त, हवा कमी आणि विषारी वायू अधिक, असं होतं. पिवळी ज्वाळा किंवा काजळी दिसली तर गिझर लगेच बंद करावा. मात्र निळी ज्वाळा म्हणजे सगळं ठीक, असंही नाही.

• सिलिंडर : १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर व्यवसायासाठी वापरणं बेकायदा आहे. गॅस हवेपेक्षा जड असल्याने सिलिंडर खड्ड्यात, तळघरात किंवा गटाराजवळ ठेवू नये. परवान्याशिवाय १०० किलोपर्यंतच साठा करता येतो. नळी दर पाच वर्षांनी बदलावी आणि सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत.

जबाबदारी कुणाची?

ब्रिटनमध्ये भाड्याने दिलेल्या घरातली गॅसची उपकरणं दरवर्षी नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून तपासून घेणं घरमालकाला कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे गिझर बसवायला येतो तो बहुतेकदा दुकानदाराचा माणूस किंवा गावातला प्लंबर. गिझरसाठी आयएस १५५५८ हे भारतीय मानक आहे, पण मानकाचा शिक्का असलेलं यंत्रही चुकीच्या जागी बसवलं की घातकच. घरातल्या माणसाला आपला गिझर ठाऊक असतो. एका रात्रीच्या पाहुण्याला नसतो. तो थंडी वाजते म्हणून खिडकी लावतो आणि कडी घालतो. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

कुणी बेशुद्ध पडलं तर?

दार तोडावं लागलं तरी तोडा, गॅस बंद करा, व्यक्तीला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. आत जाणाऱ्याने रेंगाळू नये, नाहीतर तोही पडतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विश्वास ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्तही तो ठणठणीत दाखवतो. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, तर शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तास. म्हणून शुद्ध आली तरी दवाखाना टाळू नये. गॅस गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे.

पाहुणा म्हणून जाणाऱ्यांनी खोली ताब्यात घेताना एकच प्रश्न विचारावा : गिझर कुठे आहे? उत्तर 'बाथरूममध्येच' असं आलं, तर बाहेरून बादलीभर गरम पाणी मागवणं केव्हाही चांगलं.