संस्था सगळ्यांची, मग वेबसाईटचं डोमेन कोणाचं? स्वयंसेवी मंडळांतले वाद कसे सुटतात?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या अनेक गावांच्या मंडळांना दोन समित्या असतात, एक गावातली आणि दुसरी मुंबईतली. वेबसाईट काढायचं ठरलं की काम बहुतेकदा मुंबईतल्या एखाद्या तरुण सदस्याकडे जातं. तो स्वतःच्या ईमेलवरून आणि स्वतःच्या कार्डाने डोमेन घेतो. पुढे समिती बदलते, कधी मतभेद होतात, पण पासवर्ड त्याच्याकडेच राहतो. अशा वेळी डोमेनवर हक्क कोणाचा?

डोमेनची मालकी कशी ठरते?

डोमेन कायमचं विकत मिळत नाही. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी ते वापरण्याचा हक्क मिळतो. डोमेन विकणाऱ्या कंपनीला ‘रजिस्ट्रार’ म्हणतात. तिच्या नोंदीत ज्याचं नाव, तो डोमेनधारक. आंब्याच्या बागेचा वाद निघाला की आधी सातबाऱ्यावरचं नाव पाहतात, तसंच हे. पैसे कोणी भरले, मजकूर कोणी लिहिला, हे मुद्दे नंतरचे.

जगभरातल्या डोमेन व्यवस्थेचं काम पाहणाऱ्या ‘आयकॅन’चं नवं नोंदणी धोरण २१ ऑगस्ट २०२५पासून लागू झालं. डॉट कॉम, डॉट ऑर्ग अशा डोमेनच्या नोंदीत ‘संस्था’ या रकान्यात नाव असेल, तर ती संस्थाच धारक मानली जाते. मंडळाचं नाव तिथे असेल तर बाजू भक्कम होते. पण वेबसाईट बनवणाऱ्याने तिथे स्वतःच्या एजन्सीचं नाव टाकलं असेल, तर तीच धारक ठरते.

डोमेन गेलं तर नुकसान काय?

फक्त वेबसाईट जात नाही. संस्थेचा ईमेल त्याच डोमेनवर असेल, तर डोमेन ज्याच्या हाती त्याच्या हाती तो ईमेलही जातो. फेसबुक पेजचा पासवर्ड बदलण्याची लिंक आणि अनेक सरकारी पोर्टलचे संदेश त्याच ईमेलवर येतात. वेबसाईटवरचा देणगीचा क्यूआर कोड बदलला, तर देणगीदाराला पत्ताही लागत नाही.

असं कुठे घडलं आहे का?

सर्वात गाजलेलं उदाहरण ‘फ्रीनोड’चं. मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसाठी स्वयंसेवक चालवत असलेलं हे चॅट नेटवर्क होतं. २०१७मध्ये त्याच्या नावाची कंपनी अँड्र्यू ली या उद्योजकाकडे गेली. मे २०२१मध्ये नियंत्रणावरून वाद पेटला आणि स्वयंसेवकांनी सामूहिक राजीनामे दिले. नाव आणि डोमेन ली यांच्याकडे राहिलं. स्वयंसेवकांनी ‘लिबेरा चॅट’ हे नवं नेटवर्क उभारलं आणि त्यासाठी स्वीडनमध्ये ना-नफा संस्था स्थापन केली. बरेच प्रकल्प त्यांच्यामागे गेले. माणसं टिकली, पण वर्षानुवर्षांची ओळख हातची गेली.

तक्रार कुठे करता येते?

डॉट कॉम, डॉट ऑर्गसाठी ‘यूडीआरपी’ आणि डॉट इनसाठी ‘आयएनडीआरपी’ अशा लवाद पद्धती आहेत. त्यात साधारण तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नावावर आपला हक्क आहे, समोरच्याचा रास्त हक्क नाही आणि त्याचा हेतू वाईट आहे. अडचण इथेच येते. सदस्याने समितीच्या सांगण्यावरूनच डोमेन घेतलं असेल, तर घेताना त्याचा हेतू वाईट होता असं कसं म्हणणार? संस्थेतल्या अंतर्गत भांडणांत यूडीआरपीचे लवाद अनेकदा ‘हा आमचा विषय नाही’ म्हणून बाजूला होतात. ‘वायपो’कडे साध्या तक्रारीची फीच १,५०० डॉलर आहे.

भारतात डोमेनसाठी स्वतंत्र कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात डोमेनला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं, असं म्हटलं. त्यामुळे दिवाणी न्यायालयाचा रस्ता मोकळा आहे, पण तो वेळ आणि पैसा खाणारा आहे.

धर्मादाय आयुक्त काही करू शकतात?

नोंदणीकृत न्यासासाठी हा महत्त्वाचा मार्ग आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०च्या कलम ४१ई नुसार न्यासाची मालमत्ता धोक्यात असेल, तर तिच्या रक्षणासाठी मनाई आदेश मिळू शकतो. मात्र डोमेन ही न्यासाची मालमत्ता आहे, हे आधी दाखवावं लागतं. त्यासाठी ठराव आणि संस्थेच्या नावावरची पावती लागते. शिवाय दोन गट असतील, तर खरी समिती कोणती हा प्रश्न येतो. समितीतले बदल कलम २२प्रमाणे ९० दिवसांत कळवायचे असतात. तो बदल अर्ज दिलेलाच नसेल, तर बाजू कमकुवत होते.

मग मंडळांनी काय करावं?

- आयकॅनच्या लुकअप पानावर किंवा रजिस्ट्रारच्या खात्यात धारक म्हणून कोणाचं नाव आहे ते पाहावं.
- ‘डोमेन संस्थेचं आहे, अमुक सदस्य ते संस्थेच्या वतीने सांभाळतो’ असा ठराव इतिवृत्तात घ्यावा. सदस्याने खिशातून भरलेले पैसे परत देऊन पावती ठेवावी.
- रजिस्ट्रारचं खातं संस्थेच्या ईमेलवर असावं, पण तो ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे प्रवेश असावा.
- वार्षिक सभेत जमाखर्चासोबत डोमेनची मुदतही वाचून दाखवावी. मुदत संपल्यावर डोमेन परत मिळवायला थोडेच दिवस असतात. ते उलटले की ते कोणीही घेऊ शकतो.

वाद सुरू झालाच असेल, तर आधी लेखी विनंती आणि मध्यस्थी. सदस्य तयार असेल, तर धारकाचं नाव बदलणं रजिस्ट्रारच्या खात्यातून होतं. तो तयार नसेल, तर कोर्टाच्या किंवा लवादाच्या आदेशाशिवाय रजिस्ट्रार सहसा हात लावत नाही. त्यामुळे हा ठराव सगळे एका सतरंजीवर बसत असतानाच करून घेणं शहाणपणाचं. वाद पेटल्यावर त्यावर सह्या मिळत नाहीत.