घरी केलेला फोन

माझ्या आईने आयुष्यातलं पहिलं मत 1952 साली दिलं. शाई लागलेलं बोट शेजारणींना दाखवत ती दिवसभर हिंडत होती, असं आजी सांगायची. त्या दिवशी स्वित्झर्लंडमधल्या बाईला मात्र आपल्या देशाच्या निवडणुकीत मत नव्हतं. ते मिळायला 7 फेब्रुवारी 1971 उजाडावा लागला, आणि तेही पुरुषांनी मतदान करून होकार दिला म्हणून. 1959 साली हाच प्रश्न त्यांच्यापुढे आला होता, तेव्हा तिघांतल्या दोघांनी नकार दिला होता.

यंदाचा दिवाळी अंक सार्वजनिक जीवनातल्या स्त्रियांवर काढायचं ठरलं, तेव्हापासून एक नाव माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. एलिझाबेथ कोप, स्वित्झर्लंडच्या माजी मंत्री. एप्रिल 2023मध्ये, वयाच्या 86व्या वर्षी त्या गेल्या. आपल्याकडे त्या बातमीची फारशी दखल कुणी घेतली नाही.

कोपबाई 1960 साली झ्युरिक विद्यापीठातून कायद्याच्या पदवीधर झाल्या, त्याही वरच्या श्रेणीत. म्हणजे कायदा त्यांना येत होता, पण कायदे करणारी माणसं निवडायचा हक्क त्यांना त्यानंतर अकरा वर्षांनी मिळाला. झ्युरिकजवळच्या झुमिकॉन गावाचा कारभार त्यांनी 1974पासून दहा वर्षं पाहिला. जर्मन बोलणाऱ्या स्वित्झर्लंडमध्ये गावाच्या प्रमुखपदी बसलेली ही पहिलीच बाई. 1979मध्ये त्या राष्ट्रीय संसदेत गेल्या.

तिथलं सरकार सात जणांचं. त्या सातांची निवड संसदेची दोन्ही सभागृहं एकत्र बसून करतात, गुप्त मतदानाने, चिठ्ठ्या टाकून. 1983मध्ये समाजवादी पक्षाने लिलियन उख्टेनहागेन यांना उभं केलं होतं. संसदेने त्यांना डावलून त्यांच्याच पक्षातल्या एका पुरुषाला निवडलं. त्यामुळे 2 ऑक्टोबर 1984 रोजी चिठ्ठ्या मोजल्या जात होत्या, तेव्हा देशभरातल्या बायकांचे कान बर्नमधल्या संसदेकडे लागलेले असणार. पहिल्याच फेरीत कोपबाईंना 124 मतं पडली आणि 1848पासून फक्त पुरुषांनी भरलेल्या त्या सरकारात पहिली बाई जाऊन बसली. खातं मिळालं न्याय आणि पोलीस.

त्या खात्यातलं एक काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. तोवर स्वित्झर्लंडच्या नागरी कायद्यात नवरा हा कुटुंबप्रमुख होता. बिऱ्हाड कुठे थाटायचं ते त्याने ठरवायचं आणि बायकोला नोकरी करायची तर त्याची संमती हवी. नव्या विवाह कायद्याचा मसुदा कोपबाईंच्या आधीचा, पण तो लोकांपुढे नेऊन पटवून द्यायची जबाबदारी त्यांच्यावर आली. विरोधकांचे पुढारी होते क्रिस्टोफ ब्लोखर, तेही कायद्याचेच पदवीधर. 22 सप्टेंबर 1985च्या सार्वमतात 54.7 टक्के लोकांनी होकार दिला आणि 1988च्या पहिल्या दिवसापासून नवरा-बायको कायद्यापुढे बरोबरीचे झाले.

1988मध्येच, 27 ऑक्टोबरला, कोपबाईंनी नवऱ्याला फोन केला. हान्स कोप हे नाणावलेले वकील आणि शकार्ची ट्रेडिंग या कंपनीच्या संचालक मंडळाचे उपाध्यक्ष. काळा पैसा पांढरा करण्याच्या संशयात कंपनीचं नाव आल्याची कुणकुण बाईंना आपल्या सहायक महिलेकडून लागली होती. संचालकपद सोडा, एवढंच सांगायचं होतं. हान्स यांनी त्याच दिवशी सोडलं. काळ्या पैशाविरुद्धच्या नव्या कायद्याची तयारी तेव्हा खुद्द बाईंच्याच खात्यात चालली होती.

फोन करणारी बायको होती की मंत्री? मला वाटतं, त्या क्षणी बाईंनाही ते वेगळं करता आलं नसेल. पण वेगळं करायला हवं होतं, आणि त्याहून मोठी चूक म्हणजे त्या त्यावर गप्प राहिल्या. 7 डिसेंबरला संसदेने त्यांना पुढच्या वर्षासाठी सरकारच्या उपाध्यक्ष म्हणून निवडलं, तेव्हाही त्या बोलल्या नाहीत. त्यानंतर काही दिवसांतच वर्तमानपत्रातून सगळं बाहेर आलं. 12 डिसेंबरला त्यांनी राजीनामा जाहीर केला आणि महिन्याभराने, 12 जानेवारी 1989ला, खुर्ची तडकाफडकी सोडली. 1990चं राष्ट्राध्यक्षपद रीतीप्रमाणे त्यांच्याकडे यायचं होतं.

फेब्रुवारी 1990मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना गोपनीयतेच्या भंगाच्या आरोपातून निर्दोष सोडलं. पद मात्र गेलं ते गेलंच. इतक्या उशिरा आत घेतलेल्या बाईला इतक्या झटकन बाहेर काढलं, हे मला आजही बोचतं. चूक त्यांची होती असं मानूनही बोचतं.

या प्रकरणाला एक वेगळंच फळ आलं. बाईंच्या खात्याची चौकशी करायला संसदेने समिती नेमली, अध्यक्ष मोरिट्झ लॉयेनबर्गर, पेशाने वकील, पुढे स्वतः मंत्री झालेले. समितीने पोलिसांची कपाटं उघडली, तर आत नागरिकांवर आणि परदेशी रहिवाशांवर पाळत ठेवून लिहिलेली जवळपास 9 लाख कार्डं सापडली. कोण कुठल्या सभेला गेलं, कुणाला भेटलं, याच्या नोंदी. कित्येक कार्डं बाई मंत्री होण्याच्या कितीतरी आधीची. लोक रस्त्यावर उतरले, लाखोंनी बर्नला पत्रं लिहून विचारलं, माझ्या नावाचं कार्ड आहे का?

सरकारात दुसरी बाई यायला 1993 उजाडलं. त्या रूथ ड्रायफस, 1999मध्ये पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. 2010मध्ये सातांपैकी चार बायका होत्या. मधल्या काळात, 2004पासून चार वर्षं, न्याय आणि पोलीस खातं ब्लोखर यांनी सांभाळलं.

कोपबाई झुमिकॉनलाच राहिल्या. 2007 साली त्यांच्यावर एक माहितीपट निघाला, त्याच्या नावात 'हिवाळी प्रवास' असे शब्द आहेत. गावची सरपंच असो वा देशाची मंत्री, घर आणि खुर्ची दोन्ही एकाच वेळी सांभाळणाऱ्या बायकांच्या कहाण्या पुढच्या पानांवर आहेत. त्या वाचताना झुमिकॉनच्या या बाईंना सोबत ठेवा, एवढंच मागणं.