काकांची बारा तारांची गिटार

काकांची इलेक्ट्रिक गिटार माळ्यावरून खाली काढली तेव्हा तिच्या बाराही तारा ताणलेल्याच होत्या. निम्मा आजार तिथेच कळला. इतक्या तारांची ओढ वर्षानुवर्षं राहिली की दांडा वाकतो.

गिटार साठच्या दशकातल्या रिकनबॅकरच्या धर्तीची. (नुसती धर्तीची, अस्सल नव्हे!) १९६४ साली ‘अ हार्ड डेज नाइट’मध्ये जॉर्ज हॅरिसनने वाजवली, तसल्या घाटाची. काका ती लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. आता बोटं थरथरतात. “यंदा गणपतीत एकदा वाजवतो, मग तू ठेव,” म्हणाले. म्हणजे हातात दोन महिने, तेही पावसाळ्याचे.

बारा तारा म्हणजे सहा जोड्या. जाड चार जोड्यांत एक तार मूळ सुराची, दुसरी सप्तकभर वर. बारीक दोन जोड्या एकाच सुरात. जुन्या ब्रिजवर जोडीला मिळून एकच सॅडल होतं, म्हणजे तार टेकते तो तुकडा. जाड नि बारीक तारेला लांबी किंचित वेगळी लागते, म्हणून वरचे सूर बेसूर व्हायचे. बारा सॅडलचा ब्रिज मागवला. खरखरणारे पॉट बदलले, आतल्या पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवून अर्थिंगला जोडली. घूंऽऽ बरीच कमी झाली. दांड्यातला लोखंडी गज मात्र एका वेळी पाव फेराच फिरवायचा आणि दांड्याला सावरायला वेळ द्यायचा. सॉफ्टवेअरवाल्याला एवढा धीर कुठला!

भांडण झालं रंगावरून. मला ओरखडे हवे होते. हल्ली लोक पैसे देऊन नवी गिटार जुनी करून घेतात. काका भडकले. “टेम्पोत आदळून पडलेत ते. त्यात कसली शोभा? मला लाल हवी, होती तशी.”

फ्रीगंजमधल्या फर्निचर पॉलिशवाल्याला गाठलं. त्याचा पहिला प्रश्न, “एनसी की पीयू?” पीयू टणक, पण जाड बसतं. एनसी लॅकर पातळ बसतं, पुढे डागडुजीही सोपी. फक्त दमट हवेत मारलं की पांढरट झाक धरतं. एनसी ठरलं आणि आम्ही उघडिपीची वाट बघत बसलो. कडेला प्लास्टिकची पांढरी पट्टी असल्यामुळे रिमूव्हर चालणार नव्हता, तीच विरघळली असती. सगळा जुना रंग पॉलिश पेपरनं हातानं काढला. पाठीवरच्या खोल खळीत तो लांबी भरणार, तेवढ्यात काका म्हणाले, “ही रतलामची. राहू दे.” कारण विचारलं, तर नुसते हसले.

तारा चढवल्यावर एक झणझणायला लागली. आपल्याकडे तानपुऱ्याच्या घोडीला मुद्दाम गोलाई देऊन, तारेखाली दोरा सरकवून हीच झणझण आणतात. मिरजेच्या कारागिरांचं त्यातच नाव. २०२४ साली तिथल्या सतार-तानपुऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. काका म्हणाले, “जवारी तानपुऱ्यातच बरी.” सॅडल किंचित उचललं.

सूर लावायला अर्धा तास गेला. ‘जी’ जोडीतली बारीक तार, सगळ्यांत उंच सुराची, दोनदा तुटली. काकांच्या बोटांना खुंट्या झेपेनात, म्हणून मी फिरवत होतो आणि ते डोळे मिटून ऐकत होते.

“चढव. अजून. अजून थोडी... थांब.”