हार्टलँड कुणाचे?

निवडणुका जवळ आल्या की वर्तमानपत्रांत 'हिंदी हार्टलँड' हा शब्द हटकून दिसतो. मराठी बातमीत त्याचा 'हिंदी हृदयप्रदेश' होतो आणि अख्खा मध्य प्रदेश त्यात जमा होतो. अशा वेळी मला बालाघाट आठवते.

'बाला' म्हणजे फारसीत वरचा. बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख. आपण गोवेकर ज्याला सहज 'घाटावरचा' म्हणतो, तोच अर्थ! वैनगंगेकाठचे हे गाव गोंदियाहून जेमतेम चाळीसेक किलोमीटर. एकेकाळी हा भाग नागपूरकर भोसल्यांकडे होता. १८६१ साली इंग्रजांनी 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस' स्थापला, राजधानी नागपूर. १९५० साली त्याचेच नाव मध्य प्रदेश झाले, तेव्हाही राजधानी नागपूरच आणि राजभाषा दोन, हिंदी व मराठी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवी रेघ पडली. नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. वैनगंगा मात्र पूर्वीसारखीच खाली भंडाऱ्याकडे वाहते. लांजीच्या बाजूला आजही हिंदीबरोबर मराठी, पोवारी, गोंडी कानावर पडते.

शब्दांचा फरक इथे कळतो. 'सेंट्रल' हा नकाशावरची जागा सांगणारा शब्द. 'हार्टलँड' तसा नाही. ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ मॅकिंडर यांनी तो १९१९ च्या आपल्या पुस्तकात गाजवला, तोच मुळी सत्तेच्या हिशेबात: हार्टलँड ज्याच्या हाती, त्याचा वरचष्मा. त्यामागे भाषेचे नाव लावले की मालकी पक्की होते आणि बाकीच्या भाषा आपोआप पाहुण्या ठरतात.

कोणी म्हणेल, तिथे बहुसंख्य लोक हिंदीच बोलतात ना? मान्य. पण बहुसंख्य म्हणजे सगळे नव्हेत. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणीसोबत मराठीच्या वापराची तरतूद असूनही, गोव्याची ओळख एका शब्दात उरकली की आपल्याला टोचतेच.

म्हणून बालाघाटला 'मराठी हार्टलँड' म्हणा, असेही मी म्हणणार नाही. गोंड तिथे आपल्याही आधीचे. साधे 'मध्य भारत' म्हणावे. काळीज कुणाचे, ते तिथल्या माणसांना ठरवू द्यावे.